मेश संज्ञांनी केलेल्या शोधातून संबंधित लेख का निसटतात?

मीमांसा

टाइप-२ मधुमेह असलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये व्यायामाने एचबीए१सी (म्हणजे ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, गेल्या काही महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारे मोजमाप) कितपत उतरते, या प्रश्नावर मी सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची, म्हणजे उपलब्ध सर्व संशोधन ठरावीक पद्धतीने शोधून घेतलेल्या आढाव्याची, तयारी करत आहे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये शोध घेताना नुसत्या मनात येतील त्या शब्दांवर विसंबू नये, मेश म्हणजे 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज' या नियंत्रित शब्दावलीतील संज्ञा वापराव्यात, असा माझ्या मार्गदर्शकांचा आग्रह आहे. त्याप्रमाणे मी 'डायबिटीस मेलिटस, टाइप २', 'एक्सरसाइज' आणि 'ग्लायकेटेड हिमोग्लोबिन' या तीन मेश संज्ञा 'अँड'ने जोडल्या आणि बाजूच्या फिल्टरांतून 'ह्यूमन्स' व 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' हे दोन निवडले. यादी आटोपशीर आली. पण नेमका हाच प्रयोग केलेले जे काही लेख माझ्याकडे आधीपासून आहेत, त्यांतले बरेच त्या यादीत नाहीत. हेच शब्द कोणतीही खूण न लावता शोधपेटीत टंकले की ते लेख सापडतात, मात्र त्यांच्याबरोबर असंबद्ध साहित्याचा एवढा लोंढा येतो की तो चाळणे एकट्याच्या आवाक्यातले नाही.

नियंत्रित शब्दावलीने शोध नेमका होतो असे सर्वत्र वाचायला मिळते. मग हवे तेच लेख का गळतात? दोन्ही पद्धती एकत्र वापरायच्या असतील तर त्यांची सांगड कशी घालावी? आणि पबमेडमध्ये बसवलेला शोध एम्बेस या दुसऱ्या वैद्यकीय डेटाबेसमध्ये जसाच्या तसा चालतो का?

(संज्ञा आणि खुणा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत, शोधपेटीत त्या अर्थातच रोमन लिपीत जातात.)

संदर्भसेवक

आपल्या शोधात पाच अटी आहेत आणि पाचही एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: लेखाचे इंडेक्सिंग झालेले असणे, म्हणजे त्याच्या नोंदीला विषयाच्या ठरावीक संज्ञा लावलेल्या असणे, आणि ते आपल्याला अपेक्षित असलेल्या शब्दांनीच झालेले असणे. यातली एखादी अट जरी हुकली तरी लेख यादीबाहेर जातो, मग त्याच्या शीर्षकात 'मधुमेह' आणि 'व्यायाम' हे शब्द ठळकपणे का असेनात.

पबमेड आणि मेडलाइन हे एकच, अशी समजूत सरसकट आढळते. मेडलाइन हा पबमेडचा सर्वांत मोठा भाग आहे आणि मेश संज्ञा मेडलाइनमधल्या नोंदींना लागतात. पबमेडमध्ये त्याशिवायही नोंदी असतात: प्रकाशकाकडून नुकत्याच आलेल्या, प्रक्रियेत असलेल्या, किंवा मेडलाइनमध्ये समाविष्ट नसलेल्या नियतकालिकांतल्या. अशा नोंदींना मेश संज्ञाच नसतात, त्यामुळे 'एमएच' ही मेश संज्ञेची खूण लावून केलेल्या शोधाला त्या दिसत नाहीत. आपला एखादा हरवलेला लेख पबमेडमध्ये उघडा आणि पान खाली सरकवून 'मेश टर्म्स' हा विभाग आहे का ते पाहा. विभागच नसेल तर कारण हेच. विभाग असूनही लेख यादीत आला नसेल, तर त्याला कोणत्या संज्ञा लागल्या आहेत ते शांतपणे वाचा. शोधाची दुरुस्ती तिथूनच सुरू होते.

आपल्या विषयात मला एक शक्यता दाट वाटते. मेशमध्ये 'एक्सरसाइज' आणि 'एक्सरसाइज थेरपी' या दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. पहिली शारीरिक हालचालीच्या अंगाने येते, तर दुसरी उपचारांच्या शाखेत बसते, आणि एकीचा विस्तार केल्याने, म्हणजे तिच्याखालच्या सर्व संज्ञा शोधात धरल्याने, दुसरी आपोआप येत नाही. व्यायाम हा उपचार म्हणून दिलेल्या चाचण्यांना अनेकदा दुसरी संज्ञा लागलेली असते, त्यामुळे आपल्या शोधात ती नसणे ही मोठी फट आहे. मेश डेटाबेसमध्ये प्रत्येक संज्ञेचे स्वतंत्र पान असते. त्यावर संज्ञेची व्याप्ती सांगणारी टीप, ती केव्हापासून वापरात आली ते वर्ष, तिच्याकडे वळवले जाणारे पर्यायी शब्द आणि खाली वृक्षरचनेतली तिची जागा दिलेली असते. एकच संज्ञा अनेक ठिकाणी बसू शकते. 'डायबिटीस मेलिटस, टाइप २' चयापचयाच्या विकारांखालीही आहे आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांखालीही. हे पान वाचल्याशिवाय कोणतीही संज्ञा शोधात घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे; बाकीचे सगळे तंत्र त्याच्या मागून येते.

आता दोन पद्धतींच्या सांगडीविषयी. प्रत्येक संकल्पनेसाठी एक गट करावा. त्या गटात मेश संज्ञा आणि तिला पर्यायी असलेले सर्व मोकळे शब्द 'ऑर'ने जोडावेत. आणि असे गट झाल्यावरच ते एकमेकांशी 'अँड'ने जोडावेत. मोकळ्या शब्दांना 'टीआयएबी' ही खूण लावावी, म्हणजे ते लेखाचे शीर्षक, सारांश आणि लेखकांनी दिलेले कीवर्ड यांतच शोधले जातात आणि लोंढा बराच ओसरतो. व्यायामाच्या गटात 'एक्सरसाइज' व 'एक्सरसाइज थेरपी' या दोन मेश संज्ञा, आणि त्यांच्या जोडीला 'एक्सरसाइज', 'फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी', 'एरोबिक ट्रेनिंग', 'रेझिस्टन्स ट्रेनिंग', 'वॉकिंग' हे शब्द मोकळे, असे काहीसे चित्र दिसेल. इंडेक्सिंग झालेला लेख मेशमुळे सापडतो, न झालेला मोकळ्या शब्दामुळे.

'ग्लायकेटेड हिमोग्लोबिन' हा तिसरा गट मात्र मी काढून टाकेन. मोजलेले प्रत्येक परिमाण लेखक सारांशात सांगतातच असे नाही, आणि सारांशात नसलेल्या गोष्टीला मेश संज्ञा लागण्याची शक्यताही कमी होते. परिणामाची अट शोधात घालण्याऐवजी लेख वाचताना लावावी.

चिकित्सक

संदर्भसेवक यांचे विवेचन सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी योग्यच आहे, पण वाचणाऱ्या प्रत्येकाची गरज ती नसते. बाह्यरुग्ण विभागात दोन रुग्णांच्या मधल्या वेळात एखाद्या प्रश्नाचे उत्तर हवे असते तेव्हा कोणी पर्यायी शब्दांचे गट बांधत बसत नाही. अशा वेळी मी 'मेजर' खूण वापरतो, म्हणजे ज्या लेखांचा तो मुख्य विषय आहे तेवढेच येतात, आणि जोडीला 'ड्रग थेरपी', 'डायग्नोसिस', 'अ‍ॅडव्हर्स इफेक्ट्स' यांसारखे उपशीर्षक लावतो. काही लेख सुटतात हे मान्य आहे, परंतु वर येतात ते बहुतेक कामाचे असतात.

दुसरे असे की, खुणा न लावता केलेला शोध अगदीच आंधळा नसतो. पबमेड आपण टंकलेले शब्द आपल्या तक्त्यांशी ताडून पाहते आणि मेश संज्ञा सापडली तर ती स्वतःच जोडते. 'हार्ट अटॅक' असे टंका आणि अ‍ॅडव्हान्स्ड पानावरच्या इतिहासात 'डिटेल्स' उघडा. तिथे 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' ही मेश संज्ञा जोडलेली दिसेल. म्हणजे मेशचा उपयोग आपण नकळतही करत असतोच.

संदर्भसेवक

चिकित्सक यांच्याशी मी सहमत आहे, फक्त मुख्य विषयाची खूण आणि उपशीर्षके रिव्ह्यूच्या शोधात आणू नयेत एवढी पुस्ती जोडतो. मुख्य विषय कोणता आणि कोणते उपशीर्षक लावायचे, हा इंडेक्सिंग करताना घेतलेला निर्णय असतो. त्याच लेखाबाबत दुसऱ्याने वेगळा निर्णय घेतला असता. जिथे एकही लेख सुटणे परवडत नाही तिथे अशा निर्णयांवर भिस्त ठेवू नये.

शब्द आपोआप मेशशी जोडले जाण्याची जी सोय त्यांनी सांगितली, ती दोन गोष्टींनी बंद पडते आणि हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. शब्दसमूहाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घातली की ती बंद होते, आणि शब्दाच्या शेवटी तारांकन लावून त्याची सर्व रूपे मागवली की तेव्हाही बंद होते. म्हणजे 'डायबेट' नंतर तारांकन लावणाऱ्याला 'डायबेटिक', 'डायबिटीस' ही रूपे मिळतात, परंतु मेश संज्ञेची जोड मिळत नाही. ती वेगळी लिहावी लागते. अवतरणातला शब्दसमूह पबमेडच्या अंतर्गत सूचीत नसेल, तर तो तसाच्या तसा शोधला जात नाही आणि त्याचे शब्द सुटे करून शोधले जातात. तसा इशारा पडद्यावर येतो. तो वाचण्याची सवय असावी.

मीमांसा

दोघांचेही आभार. हरवलेले लेख उघडून पाहिले. काहींना मेश संज्ञाच नाहीत आणि काहींना 'एक्सरसाइज थेरपी' आहे पण 'एक्सरसाइज' नाही, हे दोन्ही प्रकार आढळले. एका लेखाबाबत मात्र मी गोंधळले आहे: त्याला 'डायबिटीस मेलिटस, टाइप २' आणि 'एक्सरसाइज थेरपी' या दोन्ही संज्ञा आहेत, तरी व्यायामाचा गट दुरुस्त केल्यावरही तो 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' फिल्टरने गळतो. सारांशात यादृच्छिक विभागणी स्पष्ट लिहिलेली आहे. शिवाय 'ह्यूमन्स' फिल्टर काढला तर प्राण्यांवरचे प्रयोग येतील ही भीती आहे. वयाचा फिल्टर लावावा की नाही, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

संदर्भसेवक

फिल्टर हे दिसायला बटण असले तरी त्यांतल्या बहुतेकांच्या आत इंडेक्सिंगच आहे. 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' हा प्रकाशनप्रकार म्हणून नोंदीला जोडला जातो. जोडायचा राहिला तर सारांशात काहीही लिहिलेले असो, फिल्टर त्या लेखाला वगळणार. म्हणून कॉक्रेन या सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्या संस्थेने चाचण्या शोधण्यासाठी जे तयार शोधसूत्र दिले आहे त्यात प्रकाशनप्रकाराबरोबर 'रँडमाइज्ड', 'प्लासिबो', 'रँडमली', 'ट्रायल' हे मोकळे शब्दही घातलेले आहेत. ते सूत्र जसेच्या तसे वापरावे. घरी नवे बनवण्याचे कारण नाही.

'ह्यूमन्स'चेही तेच. हा फिल्टर लावला की इंडेक्सिंग न झालेले सगळे लेख एका फटक्यात जातात, कारण त्यांना 'ह्यूमन्स' ही संज्ञा लागलेलीच नसते. उपाय उलट्या बाजूने करायचा असतो. ज्या लेखांना 'अ‍ॅनिमल्स' ही संज्ञा आहे पण 'ह्यूमन्स' नाही, तेवढेच 'नॉट'ने वगळावेत: आधी कंसात 'अ‍ॅनिमल्स एमएच नॉट ह्यूमन्स एमएच' लिहायचे आणि तो कंस मुख्य शोधातून 'नॉट'ने वजा करायचा. यात माणसे आणि प्राणी दोन्ही असलेला लेख राहतो, संज्ञाच नसलेला लेखही राहतो, आणि निव्वळ प्राण्यांवरचा प्रयोग, त्याला संज्ञा लागलेली असेल तर, जातो.

वयाच्या बाबतीत मेशच्या व्याख्या पाहिल्याखेरीज पाऊल टाकू नये. तिथे 'चाइल्ड' म्हणजे ६ ते १२ वर्षे, 'चाइल्ड, प्रीस्कूल' म्हणजे २ ते ५, 'अ‍ॅडोलेसंट' म्हणजे १३ ते १८, आणि 'इन्फंट' म्हणजे १ ते २३ महिने. 'चाइल्ड'चा विस्तार केला की प्रीस्कूल येते, 'इन्फंट' येत नाही. बालरोगावर काम करणाऱ्यांचे शोध इथे हमखास तोकडे पडतात. आपला विषय प्रौढांचा असल्याने आपल्याला ही अडचण नाही, तरीही वयाचा फिल्टर लावू नये असेच मी सुचवेन. टाइप-२ मधुमेहावरच्या व्यायामाच्या चाचण्या बहुतांशी प्रौढांवरच असतात. लहान मुलांवरचे थोडे लेख हाताने वगळणे सोपे जाते.

इंडेक्सिंगविषयी आणखी एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक वाटते. पूर्वी प्रशिक्षित माणसे लेख वाचून संज्ञा लावत असत. 2022 पासून अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने मेडलाइनचे इंडेक्सिंग संगणकाकडे सोपवले आहे, निवडक नोंदी माणसे तपासतात, आणि 2024 मध्ये त्यासाठी न्यूरल नेटवर्कवर आधारलेली नवी प्रणाली आली. संज्ञा लागायला पूर्वी लागणारा वेळ त्यामुळे खूपच कमी झाला. पण ही प्रणाली मुख्यतः शीर्षक आणि सारांश पाहते. संपूर्ण लेख वाचणाऱ्याला पद्धतीच्या विभागात जे दिसले असते ते तिला दिसतेच असे नाही. मोकळ्या शब्दांचा गट वगळण्याची चूक म्हणूनच आता पूर्वीपेक्षा महाग पडू शकते.

संज्ञेच्या पानावर दिलेले वर्षही पाहावे. मेश 1960 पासून चालू आहे आणि दरवर्षी त्यात भर पडते, संज्ञा बदलतात. एखादी संज्ञा नुसते नाव बदलून आली असेल तर जुन्या नोंदींतही नवे नाव घातले जाते, पण पूर्णपणे नवी संज्ञा आली तर जुने लेख सहसा पुन्हा तपासले जात नाहीत. 'हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग' ही संज्ञा 2010 नंतरची आहे. त्याआधीचे अशा व्यायामाचे लेख अधिक व्यापक संज्ञेखाली पडून आहेत. आधी कोणत्या संज्ञेखाली इंडेक्सिंग होत असे, तेही अनेकदा त्याच पानावर लिहिलेले असते.

आडवाट

एम्बेसच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. पबमेडचा शोध तिथे जसाच्या तसा चालत नाही. एम्बेसची शब्दावली एम्ट्री नावाची स्वतंत्र आहे, औषधांच्या बाबतीत ती मेशपेक्षा खूपच तपशीलवार आहे, आणि अधिकृत संज्ञाही वेगळ्या असतात. मेशमधले 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' एम्ट्रीत 'हार्ट इन्फार्क्शन' आहे. टाइप-२ मधुमेहासाठी तिथे दीर्घकाळ 'नॉन इन्सुलिन डिपेंडंट डायबिटीस मेलिटस' हीच अधिकृत संज्ञा होती. तेव्हा प्रत्येक मेश संज्ञेसाठी एम्ट्रीत स्वतंत्र शोध घ्यावा, पान वाचावे, मगच पुढे जावे. मोकळ्या शब्दांचे गट मात्र जवळपास तसेच नेता येतात. फक्त क्षेत्रांच्या खुणा बदलाव्या लागतात.

याहून फसवा भाग विस्ताराचा आहे. पबमेडमध्ये मेश संज्ञा लिहिली की तिच्याखालच्या सर्व संज्ञा आपोआप धरल्या जातात, आणि नको असतील तर तसे सांगावे लागते. ओव्हिड या, मेडलाइन व एम्बेस दोन्ही शोधता येणाऱ्या मंचावर नेमके उलटे आहे: संज्ञेनंतर नुसती तिरकी रेघ दिली तर तेवढी एकच संज्ञा शोधली जाते, खालच्या संज्ञा हव्या असतील तर आधी 'एक्सप' लिहावे लागते. एम्बेसच्या स्वतःच्या मंचावर संज्ञेनंतर तिरकी रेघ देऊन 'एक्सप' लावतात. ओळ चिकटवून मोकळे होणाऱ्याला शोध चालला असेच वाटते, कारण चूक म्हणून काही दिसत नाही. यादी तेवढी लहान येते.

कॉक्रेन लायब्ररीत मेशच चालते, त्यामुळे तिथे संज्ञा पुन्हा शोधाव्या लागत नाहीत. सिनाल (नर्सिंग व संलग्न आरोग्यसेवांचा डेटाबेस) आणि सायकइन्फो (मानसशास्त्राचा) यांच्या शब्दावल्या आपापल्या आहेत. व्यायामाचा विषय फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या नियतकालिकांतही येतो, म्हणून सिनाल वगळू नये.

मीमांसा

दोन गटांचा शोध, कॉक्रेनचे सूत्र आणि प्राण्यांची वजाबाकी, असे बदल केले. यादी पहिल्यापेक्षा मोठी आहे पण हाताळण्याजोगी आहे. शोध पुरेसा झाला हे कशावरून ठरवावे?

संदर्भसेवक

आपल्याकडे आधीपासून असलेले लेख इथे कामी येतात. त्यांचे पबमेड क्रमांक 'ऑर'ने जोडून एक वेगळी ओळ करावी आणि इतिहासात त्या ओळीतून आपला अंतिम शोध 'नॉट'ने वजा करावा. काही उरले तर तेच लेख शोधातून निसटत आहेत. प्रत्येक उघडून तो कोणत्या गटात अडला ते पाहावे आणि त्या गटात शब्द वाढवावा. मात्र ज्या लेखांवरून आपण शब्द निवडले त्यांच्यावरच शोधाची परीक्षा घेतली तर ती फारच सोपी होते. त्यासाठी आधीच्या एखाद्या रिव्ह्यूमध्ये समाविष्ट केलेल्या चाचण्यांचा संच बाजूला ठेवून त्यावर तपासणी करावी.

यादी जड वाटली तर शब्दांमधल्या अंतराची अट वापरून पाहता येईल. पबमेडमध्ये ही सोय 2022 च्या अखेरीपासून आहे: दोन शब्द शीर्षकात किंवा सारांशात एकमेकांपासून ठरावीक अंतराच्या आत असतील तरच लेख धरावा, असे सांगता येते. तारांकन मात्र त्याच्याबरोबर चालत नाही, त्यामुळे शब्दांची रूपे एकेक लिहावी लागतात.

अंतिम करण्यापूर्वी हा शोध दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. त्यासाठी प्रेस नावाची तपासणी-सूची आहे, तिची सुधारित आवृत्ती 2015 ची आहे; आणि शोधाची माहिती लेखात कशी द्यावी याची प्रिझ्मा-एस ही मार्गदर्शिका 2021 मध्ये आली. प्रत्येक डेटाबेसमधली संपूर्ण शोधवाक्ये, मंचाचे नाव आणि शोधाची तारीख जशीच्या तशी परिशिष्टात द्यावी लागते, तेव्हा 'डिटेल्स'मधला मजकूर आजच उतरवून ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मेशची वार्षिक आवृत्ती बदलते आणि त्यानंतर त्याच ओळीचा अर्थ पबमेड वेगळा लावू शकते. लेख पाठवण्यापूर्वी शोध पुन्हा चालवाल तेव्हा संज्ञांची पाने पुन्हा एकदा उघडून पाहावी लागतील.